पाण्याने लिहिणारे सर

परवा फोनवर धाकटी सांगत होती की तिच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की त्या पडद्यावर चमकताना दिसतात. "आजी, कॅल्शियम आत शिरतं ना, ते डोळ्यांना दिसतं!" मी "हो का" एवढंच म्हटलं. तिला वाटलं असेल, आजीला काही कळलं नाही. मला कळलं होतं. तीच चमक पाहण्यासाठी धडपडणारा एक माणूस आमच्या शेजारी राहत होता. फोनवर ते सांगता आलं नसतं, म्हणून तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते आहे. मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे, पण सर क्रमाने आठवत नाहीत.

पहिल्यांदा आठवतो त्यांचा फळा. सुरतेला ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते, तिथेच ते जीवशास्त्र शिकवायचे. ते खडूला हात लावत नसत. एका हातात पाण्याचा प्लास्टिकचा पेला, दुसऱ्या हातात रंगकामाचा ब्रश, आणि काळ्या फळ्यावर पाण्याने मोठी, सुरेख अक्षरं. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात वाळायला लागलेली असे. पोरं मान वर न करता भराभर उतरवून घ्यायची. उन्हाळ्यात तर फारच त्रेधा. सर वर्गात शिरले की पंख्याखालची मुलगी न सांगता उठून पंखा बंद करायची. घामाने निथळत सगळे लिहायचे. "साहेब, जरा धीमे!" असं मागून कोणीतरी ओरडलं की सर गुजरातीतच उत्तर द्यायचे, पण त्यांच्या गुजरातीला खानदेशी हेल होता. "धीमे चालशे तो सुकाई जशे, भाई!"

प्राचार्यांनी एकदा त्यांना बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे. सर म्हणाले, "खडू म्हणजे कॅल्शियम. माझ्या बोटांना कॅल्शियम लागलेलं चालत नाही." प्राचार्य इतिहासाचे होते. त्यांनी ती कसलीतरी त्वचेची व्याधी समजून सहानुभूतीने मान हलवली, आणि तो विषय तिथेच मिटला.

मी माझा तास संपवून बाहेर आले की ते दाराबाहेर नाकाला रुमाल लावून धूळ खाली बसायची वाट पाहत उभे असायचे. माझ्याकडे पाहून गंभीरपणे म्हणायचे, "बाई, तुमच्या खांद्यावर कॅल्शियम आहे."

"सर, तुमच्या स्वतःच्या हाडांत किलोभर आहे. त्याचं काय करणार?"

"ते बंद कपाटात आहे," ते म्हणायचे. "मोकळं फिरतं त्याची भीती."

आता यामागचं कारण सांगते, म्हणजे तुम्ही त्यांना नुसतं वेडं समजणार नाही. धाकटीला माहीत आहे, थोरल्यासाठी सांगते. यीस्ट म्हणजे जिलबीचं पीठ किंवा पाव फुगवणारी ती एकपेशीय बुरशी. तिच्यावर पेरॉक्साइड घातलं की तिला इजा होते. लोखंड गंजतं तशी ती आतून गंजायला लागते म्हणा. त्याच क्षणी पेशीच्या आतलं कॅल्शियम एकदम वाढतं. ती खूण मिळाली की पेशी स्वतःला वाचवायच्या तयारीला लागते. सरांचा प्रश्न एवढाच होता, की हे कॅल्शियम येतं कुठून? भोवतालच्या पाण्यातून आत घुसतं, की पेशीच्या पोटात जी साठवणीची कोठी असते तिच्यातून निघतं? हे कळायचं तर पेशीच्या बाहेर कॅल्शियमचा कणही असता कामा नये. आणि आपलं जग तर त्याने भरलेलं आहे. खडू, चुना, रांगोळी, काच, नळाचं पाणी, सगळीकडे तेच.

म्हणून ते काच वापरत नसत. फोटो स्टुडिओतून कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या मागून आणत. काळी डबी, वर करड्या रंगाचं झाकण, आठवते का तुम्हाला? तुम्ही लहानपणी त्यात शंख ठेवायचात. त्या डब्या घरी पुन्हा पुन्हा शुद्ध पाण्याने धुऊन गच्चीत दोरीवर, जाळीच्या पिशवीत वाळत घातलेल्या असायच्या. कॉलेजातली जिन्याखालची अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली होती. तिच्या फटी काळ्या कापडाने बुजवल्या होत्या. आत मोडीत काढलेल्या कुठल्याशा यंत्रातली, अगदी पुसट उजेडही टिपणारी एक नळी, आणि तिला जोडलेलं एक पेन. उजेड दिसला की कागदाच्या सरकत्या पट्टीवर ते पेन वर चढायचं. त्यांच्या यीस्टमध्ये परदेशातल्या कोणा संशोधकाने जेलीफिशचं एक प्रथिन घातलेलं होतं. कॅल्शियम भेटलं की ते प्रथिन मंद निळं प्रकाशतं. ते यीस्ट टपालाने, टीपकागदाच्या एका तुकड्यावर वाळवून आलं होतं. सरांनी तो तुकडा लग्नाच्या अक्षता घ्याव्यात तसा दोन्ही हातांनी घेतला होता.

त्या खोलीत शिरण्याआधी प्रत्येकाला हात दाखवावे लागत. आमचा शिपाई तंबाखू मळायचा, त्यामुळे त्याच्या अंगठ्याला कायम चुना. "तू बाहेर," सर त्याला म्हणायचे. तो दुखावून म्हणायचा, "सर, देवळातसुद्धा मला आत सोडतात." सर म्हणायचे, "देवाला कॅल्शियमचं काही नाही रे." आणि दार बंद असलं की कोणी वाजवायचंही नाही, हा तिथला नियम. दार किलकिलं झालं तरी उजेडाने सगळं वाया.

मुलांना ते एक वाक्य दरवर्षी सांगायचे. "पेशी मुकी नसते. तिला दुखलं की ती आधी हाक मारते. कॅल्शियम ही तिची हाक. हाक मारते म्हणून ती वाचते." हे वाक्य पाण्याने लिहून, ते वाळेपर्यंत स्वतःच बघत उभे राहायचे.

आता वहिनी. सरांची बायको. दोघं खानदेशातली. वहिनींचा भाऊ सुरतेबाहेर पलसाण्याला कापड रंगवण्याच्या प्रोसेस हाउसमध्ये होता, तिथे कापड शुभ्र करायला पेरॉक्साइडच वापरतात. एकदा त्याने मेहुण्याच्या प्रेमाने त्याचा मोठा कॅन रिक्षात घालून आणला. "दाजी, घ्या. कॉलेजच्या बाटलीत काय पुरणार? एवढ्यात माझा रुमालपण निघणार नाही." सरांनी झाकण उघडून वास घेतला आणि तो परत पाठवला. टिकावा म्हणून गिरणीच्या मालात काय काय घातलेलं असतं, ते त्यांना चालणार नव्हतं. भाऊ जाताना मला जिन्यात म्हणाला, "ताईने कसं काढलं असेल हो या माणसाबरोबर?"

ताईने चांगलं काढलं होतं. दुपारभर दाराशी बसून त्या साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. सगळ्या सोसायटीच्या बायका तेच काम करायच्या, पण वहिनींचा हात सर्वांत जलद. दाराशी रांगोळी काढायची हौस होती, पण रांगोळीची पूड म्हणजेही कॅल्शियम, म्हणून त्या ज्वारीच्या पिठाने काढायच्या. ऊन वर येईपर्यंत चिमण्या ती खाऊन टाकत. "ह्यांचा फळा वाळतो, माझी रांगोळी उडते," त्या हसून म्हणायच्या. "आमच्या घरात लिहिलेलं काही राहत नाही." विड्याची सवय होती, तीही चुन्यापायी सोडली.

आणि गंमत पाहा, कॅल्शियम लागायचं ते त्यांनाच. पूर्वी कधीतरी त्यांच्या गळ्याची गाठ काढली होती. ती काढताना तिच्या मागे चिकटलेल्या, मसुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथीही गेल्या. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की हाडांमधून काढून द्यायचं, हे काम त्या ग्रंथींचं. त्या नाहीत म्हटल्यावर बाहेरूनच रोज गोळ्या घ्यायच्या, जन्मभर. घेतल्या नाहीत तर ओठांना मुंग्या, बोटांना मुंग्या, मग हात आपोआप आखडून चोचीसारखा मिटायचा. सर मला हे सगळं मोठ्या हौसेने समजावून सांगत होते, तेव्हा वहिनी चहा गाळत होत्या. सर म्हणाले, "घरात एकाला कॅल्शियम चालत नाही, एकीला त्याच्यावाचून चालत नाही. देवाने जोडी बरी जमवली."

वहिनी अहिराणीत म्हणाल्या, "देवनी नही, मना बापनी दिधी माले."

त्या गोळ्या खडूसारख्या. मोठ्या, पांढऱ्या, भुसभुशीत. वहिनी त्या मोडून गिळायच्या. एकदा सर प्रयोगाला बसले आणि पेरॉक्साइड घालण्याआधीच पेन वर चढलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाणी तपासलं, हात तपासले. शेवटी घरी येऊन पाहतात तो, जिथे धुतलेल्या डब्या पालथ्या ठेवायच्या त्याच फळीवर वहिनी गोळ्या मोडत होत्या. सर खुर्चीवर बसून राहिले, आणि मग उठून पुन्हा सगळ्या डब्या धुवायला लागले.

"बोलले असते तर बरं झालं असतं," वहिनी मला म्हणाल्या. "काहीच बोलले नाहीत हो."

दुसऱ्या दिवशी त्या गोळ्या घेऊन माझ्याकडे आल्या. सरांच्याच एका काळ्या डबीत भरलेल्या. माझ्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीशेजारी ती डबी राहू लागली. वहिनी सकाळ-दुपार यायच्या, गोळी घ्यायच्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या, पदराला नीट पुसायच्या, थोड्या गप्पा मारायच्या आणि जायच्या. मी म्हटलं, "अहो, एवढं कशाला? सरांना सांगा, फळी वेगळी करू." त्या म्हणाल्या, "त्यांच्या डोक्याला अजून एक कशाला. त्यांचं काम होऊ दे."

काम अडलं होतं ते एका पिवळ्या पुडीपायी. जेलीफिशचं ते प्रथिन नुसतं प्रकाशत नाही, त्याला एक पदार्थ पाजावा लागतो. यीस्टबरोबर आलेला थोडासा संपला होता, आणि तो आपल्याकडे मिळत नव्हता. त्याच परदेशी संशोधकाला सरांनी विनवलं होतं. खूप वाट पाहिल्यावर एक नखाएवढी कुपी आली. चिमूटभरही नाही एवढी पूड. ती एकदा विरघळवली की थोड्याच दिवसांत वापरून संपवायची, नाहीतर निकामी. सरांनी ती विरघळवली, आणि त्याच आठवड्यात शहरात प्लेगची बातमी फुटली.

ते वर्ष तुमच्या आईला आठवतं. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, स्टेशनावर, बसस्टँडवर नुसती रीघ. खानदेशातले, ओरिसाचे, उत्तरेकडचे, मिळेल त्या वाहनाने सगळे गावी निघाले. यंत्रमाग बंद झाले. ती खडखड इतकी अंगवळणी पडलेली होती की ती थांबल्यावर कानांत दडे बसल्यासारखं वाटलं. तुमच्या आजोबांनी धुळ्याकडे जाणारी एक जीप ठरवली. मी वहिनींकडे गेले. म्हटलं, "चला आमच्याबरोबर. दोघांची जागा होईल."

सर म्हणाले, "बाई, तुम्ही जा. आता सोडलं तर ते परत मिळायचं नाही." मग वहिनींकडे वळून म्हणाले, "तू जा यांच्याबरोबर."

"मी गेले तर तुम्ही जेवाल का?" वहिनी म्हणाल्या. "तुमच्या त्या यीस्टला वेळेवर खाऊ घालाल आणि स्वतः उपाशी राहाल."

निघताना मी लोणच्याशेजारची डबी त्यांच्या हातात दिली. झाकण उघडून पाहिलं, तळाशी थोड्याच गोळ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावरचं दुकान आहे की. संध्याकाळी आणते."

कोपऱ्यावरचं दुकान संध्याकाळी बंद होतं. दुकानदारही गावी गेला होता. उघड्या असलेल्या दुकानांसमोर प्लेगच्या गोळ्यांसाठी झुंबड होती.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. शहर पुन्हा सुरू झालं, आम्ही परतलो, तेव्हा वहिनी नव्हत्या. थोडं त्यांच्या भावाने सांगितलं, थोडं सरांनी.

भाऊ आणि त्याची बायको पलसाण्याहून रिक्षा करून वहिनींना गावी न्यायला आले होते. दुपारची वेळ. दार नुसतं लोटलेलं. वहिनी जमिनीवर पडलेल्या होत्या, झटके येत होते, दोन्ही हात मनगटातून वळून मिटलेले. शेजारी अर्धवट टिकल्या लावलेली साडी. आदल्या दिवशी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींनी त्यांना विचारलं होतं, हात पदराखाली का धरून बसली आहेस? तर म्हणाल्या, "काय नही व्हयनं माले." भावाने त्यांना सरकारी इस्पितळात नेलं, बायकोला त्यांच्यापाशी बसवलं आणि स्वतः कॉलेजकडे धावला.

जिन्याखालचं दार बंद होतं. त्याने हाक मारली. आतून सर म्हणाले, "उघडू नका. उजेड येईल."

आणि तो थांबला. मला हे सांगताना तो माझ्या दारात उभा होता, आत यायला तयार नव्हता. "मी थांबलो, मॅडम. ताई नेहमी सांगायची, दाजींचं दार बंद असलं की वाजवायचं नाही. मी दाराला हात टेकून उभा राहिलो. आत कागद सरकल्याचा आवाज येत होता. तो थांबला, मग मी बोललो."

किती वेळ, ते त्याला सांगता येत नव्हतं. फार नसेल. इस्पितळातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की तेवढ्याने काही फरक पडला नसता. मी ते त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याने ऐकलं, पण त्याला ते पटलं असं मला वाटत नाही. ते दोघं पोचले तेव्हा भावजय बाहेर बाकावर बसली होती.

सर माझ्याकडे आले ते काही दिवसांनी. स्वयंपाकघरात वहिनी बसायच्या त्याच स्टुलावर बसले. मी चहा ठेवला.  ते म्हणाले, "पेन वर गेलं, बाई. बाहेर कॅल्शियमचा कण नव्हता. तरी वर गेलं. बाहेर काही नसलं तर पेशी आपल्या कोठीतून काढते."

 वहिनींच्याही हाडांत भरपूर होतं. ते काढून देणारं कोणी नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"तुम्ही गावी गेल्यावर मी रोज विचारायचो," ते म्हणाले. "निघताना रोज विचारायचो, गोळ्या आहेत ना? ती डबी वाजवून दाखवायची. खुळखुळ आवाज यायचा. मी जायचो."

त्यांनी खिशातून ती काळी डबी काढली आणि वाजवून दाखवली. मग झाकण काढून माझ्या ओट्यावर पालथी केली. आतून साडीला लावायच्या टिकल्या पडल्या. गुलाबी, सोनेरी, खड्याच्या. त्यातल्या दोन घरंगळत गॅसच्या शेगडीखाली गेल्या. सर खाली वाकून त्या शोधत राहिले. मी म्हटलं, राहू द्या. तरी ते शोधत राहिले. त्या सापडल्यावर एकेक टिकली उचलून त्यांनी डबीत परत भरली, झाकण लावलं आणि चहा न घेताच गेले.

त्या प्रयोगाबद्दल त्यांनी कुठे काही लिहून पाठवलं नाही. यीस्टला ठरावीक काळाने नव्या खाद्यावर हलवावं लागतं, ते त्यांनी केलं नाही. गच्चीतल्या डब्या बरेच दिवस दोरीवर तशाच होत्या. दिवाळीच्या आधी कोणीतरी काढून टाकल्या.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी माझ्यानंतर त्याच वर्गात त्यांचा तास होता. मी बाहेर आले तर ते दारात उभे. रुमाल नाही. माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि सरळ आत गेले. मी पुढे जायला हवं होतं, पण दाराशीच उभी राहिले.

हातात पेला नव्हता, ब्रश नव्हता. मी ठेवलेला खडूचा तुकडा त्यांनी उचलला, जरा वेळ बोटांत फिरवला, आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं. खडूची सवय नव्हती, अक्षर वाकडं आलं. बोटं पांढरी झाली. ती त्यांनी पुसली नाहीत.  सगळ्या माना खाली गेल्या आणि जुन्या सवयीने पोरं भराभर उतरवून घ्यायला लागली. पंख्याखालची ती मुलगी उठली आणि बटणाकडे गेली.

"राहू दे, बेटा," सर म्हणाले. "सावकाश उतरवा. हे वाळत नाही."